बास्केटबॉलचा सामना प्रत्यक्ष पाहताना नेमकं काय वेगळं असतं?

आकुर्डीत राहणाऱ्या एनबीएप्रेमीचा दिवस सामन्यामुळे लवकर सुरू होतो. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात. म्हणजे सामन्याचा पूर्वार्ध कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर. पश्चिम किनाऱ्यावरचा सामना असेल तर तो नऊच्या सुमारास, ऐन लेक्चरच्या वेळेला!

हे सामने स्टेडियममध्ये बसून पाहण्याची संधी महाराष्ट्राला 2019 मध्ये मिळाली.

वरळीतले दोन सामने

4 आणि 5 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ समोरासमोर आले. एनबीएचे भारतातले हे पहिले सामने. किंग्जचे मालक विवेक रणदिवे यांचा जन्मही मुंबईचाच.

पहिल्या दिवशीचे प्रेक्षक होते शाळकरी मुलं. ज्युनियर एनबीए उपक्रमातली सुमारे 3 हजार मुलं गॅलरीत बसली होती. हे हंगामापूर्वीचे सराव सामने, निकालाला फारशी किंमत नाही. तरीही तो सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी 132-131 असा, एका गुणाने जिंकला. दुसऱ्या दिवशीचा सामना 130-106 असा एकतर्फी झाला. त्यामुळे खरी मजा मुलांच्याच वाट्याला आली, असं म्हणायला हरकत नाही.

टीव्हीवर काय दिसत नाही?

कॅमेरा चेंडूमागे धावतो. पण कोर्टवर दहा खेळाडू असतात आणि त्यातल्या नऊ जणांकडे चेंडू नसतो. खरा डाव त्यांच्यात चालतो. एक खेळाडू बचाव करणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, त्याच्या आडून दुसरा मोकळा होतो आणि मग पास येतो. टीव्हीवर फक्त पास दिसतो. गॅलरीत जरा वर बसलं की त्याआधीचे तीन-चार सेकंदही दिसतात.

दुसरी गोष्ट अंतराची. बास्केटबॉलचं कोर्ट जेमतेम 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असतं. क्रिकेटसारखी दूरवर सीमारेषा नाही, मध्ये जाळी नाही. लाकडी फरशीवर बुटांची करकर, प्रशिक्षकांच्या हाका, खेळाडूंची आपसातली ओरड, सगळं ऐकू येतं.

समालोचन मात्र नसतं. फाऊल कुणाचा, हे कळायला पंचांच्या हाताकडे पाहावं लागतं. ते स्कोअररच्या टेबलाकडे वळून बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवतात. हे एकदा लक्षात आलं की कोणता खेळाडू बाहेर जाण्याच्या बेतात आहे, याचा हिशेब प्रेक्षकच ठेवायला लागतात. एनबीएत 6 फाऊल झाले की खेळाडू बाद, आंतरराष्ट्रीय नियमांत 5.

आणि आवाज! बालेवाडीत प्रो कबड्डी पाहिलेल्यांना हे लगेच समजेल. तिथे 30 सेकंदांची चढाई असते, इथे बास्केटवर प्रयत्न करायला 24 सेकंद. ते संपत आले की गॅलरी ओरडायला लागते. फ्री थ्रोच्या वेळी याच्या उलट होतं. आपला खेळाडू फेकणार असेल तर शांतता, पाहुणा असेल तर बास्केटमागे बसलेले हात हलवून गोंगाट करतात. हे नियमात बसतं.

आपला संघ कोणता?

अडचण इथे आहे. गोंगाट करायला आधी आपला संघ लागतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये 'पुणे पेशवाज' हा संघ होता, पण ती लीग काही वर्षांतच थांबली. पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली, तरी तिचा खेळ नियमित पाहता येईल अशी घरच्या मैदानावरची लीग शहरात उभी राहिली नाही.

उरतात त्या कॉलेजच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धा. कोर्ट बरेचदा सिमेंटचं आणि उघड्यावर, प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे मित्र आणि घरचे. जागा पायऱ्यांवर किंवा थेट रेषेबाहेर. सराव सुरू असतानाच पोहोचलं तर कोणाचा हात आज बसलाय याचा अंदाज येतो. चेंडू अंगावर आला तर झेलून पंचांकडे परत द्यायचा, पुढचा खेळ त्याच चेंडूने होतो.