बाळंतविडा, कंपनीकडून

साल 2000. पुण्यात उतरा. डॉटकॉमचा फुगा नुकताच फुटलाय, तरी आयआयएम अहमदाबादमध्ये शिकलेले सुपम माहेश्वरी 'ब्रेनव्हिसा' थाटताहेत. काम काय, तर कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी संगणकावरचे धडे बनवायचे. ऑफिसात डोकावा. माल नाही, गोदाम नाही. धडा दहा जणांनी बघितला काय नि दहा हजारांनी काय, जागा तेवढीच. 2007 मध्ये कंपनी विकली जाते.

आता 2010. मधल्या काळात माहेश्वरी बाप झालेत. परदेशात सहज मिळणाऱ्या बाळाच्या वस्तू इथं मिळत नाहीत, हे त्यांना खटकलंय. तुम्ही म्हणाल, तुळशीबागेचा बाजार आहे की! आहे, झबली-टोपड्यांचे ढीग आहेत. पण चांगली बाबागाडी शोधून बघा. अमिताव साहांना सोबत घेऊन ते पुण्यातच 'फर्स्टक्राय' सुरू करतात.

गोदामात या, डायपरचं एक खोकं उचला. हलकं, पण केवढं फुगीर! जागा खातं, वाहतूक महाग, सुटतात जेमतेम पैसे. शिवाय बाळ महिन्या-महिन्याला माप बदलतं. तीन महिन्यांच्या बाळाचं झबलं सहाव्या महिन्यात कोण घेणार? धडे विकताना असली डोकेदुखी नव्हती.

आणि 2011 मध्ये हे वेबसाइटवाले चक्क गाळे शोधू लागतात, फ्रँचायझीची दुकानं उघडतात. शहाणपणाचंच म्हणायचं. कापड दोन बोटांत चुरडून बघितल्याशिवाय आजी पाकीट उघडत नाही.

पण खरी मेख बघायची तर प्रसूतिगृहात चला. बाळ हाती येईपर्यंत खरेदी करायची नाही, असं आपल्याकडे अनेक घरांत आजही पाळतात. म्हणजे गिऱ्हाईक नेमकं इथंच जन्मतं! बाळंतिणीच्या खाटेशी एक भेटपेटी येते, आत वस्तूंचे नमुने नि सवलतीची कुपनं. माहेरचा बाळंतविडा निघायच्या आत कंपनीचा पोचलेला. बाळाची जन्मतारीख कळली की कुठलं माप कधी लागणार, हे आपोआप कळतं. इथं मात्र जुना सॉफ्टवेअरवाला कामाला येतो.

2015 मध्ये घरपोच वाहतुकीची शाखा 'एक्सप्रेसबीज' म्हणून वेगळी होते, साहा तिकडे जातात. 2016 मध्ये महिंद्रांचं बाळवस्तूंचं 'बेबीऑय' फर्स्टक्राय विकत घेते. त्याच वर्षी रतन टाटा सुमारे 85 रुपये भावानं फर्स्टक्रायचे 66 लाखांचे शेअर घेतात. खिसा चाचपू नका, तुमच्यासाठी ते विकायला नाहीत.

तुमची पाळी येते ऑगस्ट 2024 मध्ये, कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकायला काढते तेव्हा. भाव 465 रुपये. आदल्या आर्थिक वर्षात विक्री 6,481 कोटींची, तोटा 321 कोटींचा, दुकानं हजाराच्या वर. टाटा आपले सगळे शेअर याच शेअरविक्रीत काढतात. 13 तारखेला राष्ट्रीय शेअर बाजारात 651 चा भाव फुटतो, टाळ्या पडतात. हात आखडता घ्या: 2025 मध्ये हाच शेअर 465 च्याही खाली येणार आहे.