परमुलखातील अन्याय आणि नामदार गोखले

आपला माणूस परमुलखात नाडला गेला, तर त्याच्या वतीने दाद कोणी मागावी? शुक्रवार पेठेतील ज्या घरांतून मुले आखाती देशांत नोकरीस गेली आहेत, त्या घरांना हा प्रश्न नवा नाही. परंतु तो इतिहासालाही नवा नाही. आपल्याच महाराष्ट्रातील एका पुरुषाने त्याच्यासाठी आपले अखेरचे आयुष्य वेचले, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी बंद करणारा कायदा केला, त्या वेळी गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना काहीच मिळाले नाही. मोकळे झालेले मजूर उसाच्या मळ्यांत थांबेनात, म्हणून मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. पाच वर्षांच्या कराराने मजूर जहाजांत भरले जाऊ लागले. ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि ते स्वतः गिरमिटिये ठरले. एकट्या मॉरिशसला सुमारे साडेचार लाख माणसे गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी कोकणवासीही होते.

करार कागदावर होता, पण त्याची दोन टोके सारखी नव्हती. मजूर कामावर आला नाही तर तो गुन्हा ठरून त्याला तुरुंगवास होई. कराराची मुदत संपलेल्या माणसालाही परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की पोलीस त्याला भटक्या म्हणून पकडत. १८७१ साली मॉरिशसमधील ९,४०१ जुन्या मजुरांनी या छळाविरुद्ध अर्ज केला. तो अर्ज तयार करण्यास अॅडॉल्फ द प्लेविट्झ या युरोपीय मळेवाल्याने साहाय्य केले. त्यापायी त्याला आपल्याच वर्गाचा रोष आणि मारहाण सोसावी लागली. तथापि, त्या अर्जामुळे १८७२ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि मजुरांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे आढळून आले.

नाताळमध्ये १८६० पासून सुमारे दीड लाख मजूर गेले. १८९५ साली तेथे असा कायदा झाला की, करार संपल्यावर जो परतणार नाही आणि नवा करारही करणार नाही, त्याने वर्षाला तीन पौंड कर भरावा. करारातील पहिल्या वर्षाचे वेतन दरमहा दहा शिलिंग होते. म्हणजे हा कर त्या हिशेबाने सहा महिन्यांच्या कमाईइतका झाला! पुढे तो मुलांवरही लादण्यात आला.

येथे रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी १८६६ साली जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले पुढे आले. २५ फेब्रुवारी १९१० रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांनी नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबविण्याचा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला आणि १९११ मध्ये ती भरती बंद झाली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सर्वच वसाहतींसाठी गिरमिट पद्धती रद्द करावी, असा ठराव आणला. त्यांच्या भाषणात आक्रस्ताळेपणा नव्हता. सरकारी चौकशीतील पुरावा आणि सरकारी आकडे हीच त्यांची शस्त्रे होती. करारावर अंगठा देणाऱ्याला दूरदेशीच्या शिक्षांची कल्पना नसते, शंभर पुरुषांमागे केवळ चाळीस स्त्रिया नेण्याच्या नियमाने कुटुंबजीवन नासते, मळ्यांत आत्महत्या होतात, हे त्यांनी एकेक करून दाखविले. २२ सभासदांनी पाठिंबा दिला; तरी सरकारी बहुमताने ठराव फेटाळला गेला.

गोखले तेवढ्यावर थांबले नाहीत. मधुमेहाने शरीर पोखरले असतानाही त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ते दक्षिण आफ्रिकेत उतरले, मजुरांना भेटले आणि तेथील मंत्र्यांशी बोलले. तीन पौंडांचा कर उठेल, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली. पण कर उठला नाही. १९१३ मध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली खाणकामगार व मळेकामगार संपावर गेले. गोखल्यांनी येथून पैसा उभा केला आणि चार्ल्स अँड्र्यूज व विल्यम पिअर्सन यांना तिकडे पाठविले. अखेर १९१४ च्या कायद्याने तो कर रद्द झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. नवी गिरमिट भरती १९१७ मध्ये थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले.

हा न्याय पुरा होता काय? आम्हाला तसे वाटत नाही. अन्याय थांबला, पण गुलामांच्या मालकांना भरपाई देणाऱ्या साम्राज्याने गिरमिटियांसाठी तसा कायदा कधी केला नाही. तरीही दाद मागण्याची एक वाट त्या लढ्याने घालून दिली: तक्रार लेखी करावी, पुरावा गोळा करावा आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने ती मायदेशी जाहीरपणे मांडावी.

आज काही हक्क कायद्यात आले आहेत. १९६३ च्या व्हिएन्ना करारान्वये परदेशात अटक झालेल्यास आपल्या वकिलातीशी संपर्क साधता येतो. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला याच हक्काची जाणीव करून दिली. परंतु कायदा स्वतःहून कोणाच्या दारी येत नाही. म्हणून, वाचकहो, परदेशी निघालेल्या मुलाच्या कराराची एक प्रत घरी ठेवा, तेथील भारतीय वकिलातीचा पत्ता लिहून घ्या; आणि शेजारच्या घरी दूरदेशाहून दुःखाचे पत्र आले, तर ते आपलेच समजून वाचा.