चार बाहुल्या आणि एक टेलिफोन

मुलाला माणसामाणसांतला रंगाचा भेद कळू लागतो तो केव्हा? हा प्रश्न मी पुष्कळ आईबापांना विचारून पाहिला आहे. उत्तर बहुधा एकच येते : "छे हो, एवढ्याशा पोराला कुठले कळायला असले काही!" उत्तर ऐकायला गोड आहे. पण ते खोटे ठरून आज कितीतरी वर्षे लोटली; आणि ते खोटे पाडले ते साध्या बाहुल्यांनी.

केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय दांपत्य. दोघेही मानसशास्त्रज्ञ. १९१३ साली आपले डॉ. आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट पुढे या दोघांनी मिळवली. त्यांनी चार बाहुल्या घेतल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी. कातडीचा आणि केसांचा रंग काय तो निराळा, बाकी सारे हुबेहूब. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे त्यांनी त्या मांडल्या. खेळायला कोणती हवी, असे विचारताच १०० पैकी ६७ मुलांनी गोरी मागितली. वाईट दिसते ती कोणती, याला ५९ जणांनी तपकिरीकडे बोट केले. आणि अगदी शेवटी, "आता तुझ्यासारखी कोणती ते दाखव पाहू!" या प्रश्नाला काही मुले रडू लागली, काही तर खोली सोडून पळाली.

१९४७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. रडणारी ही मुले उत्तरेकडची होती. तिकडे काळी-गोरी मुले एकाच शाळेत शिकत, आणि गोऱ्या बाहुलीची ओढ तिकडेच थोडी अधिक दिसली. एका बाकावर बसवले की मने जुळतात, ही आपली भाबडी समजूत. नावे ठेवणारा कित्येकदा त्याच बाकावर बसलेला असतो! आणि तो तरी ती नावे आणतो कोठून? "उन्हात हिंडू नकोस, काळी पडशील," हे वाक्य आपल्या घरात किती वेळा उच्चारले जाते, ते वाचकांनी एकदा मोजून पाहावे.

असो. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांतली रंगानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवली. निकालाच्या अकराव्या तळटिपेत क्लार्क यांचे नाव आहे. मोठा विजयच तो. पण गोऱ्या पालकांनी पळवाट शोधली, ती खाजगी शाळेची. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर १९५९ साली सरकारी शाळांना सरळ कुलूप ठोकले! गोऱ्यांच्या मुलांसाठी खाजगी ॲकॅडमी निघाली. काळ्यांची मुले १९६४ पर्यंत जवळजवळ शाळेवाचून राहिली.

त्याच व्हर्जिनियात ऑगस्ट १९७२ मध्ये एका आईने टेलिफोन डिरेक्टरीतली जाहिरात पाहून एका खाजगी शाळेला फोन केला. मायकेल मॅक्रॅरी या तिच्या छोट्या मुलाला शिशुवर्गात घालायचे होते. तुमच्याकडे सगळ्या वर्णांची मुले घेता का, असेही तिने विचारले. उत्तर आले : नाही. दुसऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या दारात तर अशाच एका शाळेचे माहितीपत्रक आपण होऊन येऊन पडले होते. आईबाप अर्ज घेऊन गेले, तेव्हा "आपली सोय करता येत नाही" असे छापील पत्र हाती आले.

दोन्ही कुटुंबे कोर्टात गेली. शाळांचे म्हणणे असे की, आमची संस्था खाजगी, कोणाला घ्यावे ही आमची मर्जी. सुप्रीम कोर्टाने १९७६ साली दोनाविरुद्ध सात मतांनी ते फेटाळले. आधार घेतला तो थेट १८६६ च्या कायद्याचा. यादवी युद्धानंतर झालेल्या त्या कायद्याने करार करण्याचा जो हक्क गोऱ्याला, तोच इतरांनाही दिला होता. आणि फी घेऊन शिकवणे हा करारच नव्हे काय? मात्र वर्ण वेगळे असावेत, असे शिकवणारी शाळा निवडायला पालक मोकळे आहेत, हेही कोर्टाने सांगून टाकले. कायद्याचा हात दारापर्यंत पोचला. मधल्या सुट्टीत कोण कोणाला काय म्हणतो, तिथवर तो पोचणार कसा?

शिशुवर्गात नाकारलेला मायकेल पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू झाला आणि २००१ च्या जानेवारीत त्याच्या बाल्टिमोरच्या संघाने अमेरिकेतले सर्वांत मोठे अजिंक्यपद पटकावले. २०१० साली एका अमेरिकन दूरचित्रवाणी संस्थेने बाहुल्यांऐवजी चित्रे घेऊन तोच प्रयोग पुन्हा करवला. या खेपेस गोऱ्या मुलांनाही बोलावले होते. काळ्या मुलांचा कौल गोऱ्या रंगाकडे थोडासाच झुकला. खरा झुकाव दिसला तो गोऱ्या मुलांत.