गॉल्जी कोसळतं तेव्हा

हा सर्वनाश मुद्दाम घडवलेला असतो, आणि घड्याळ लावून पाहिलेला. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संकुलात, दिब्येंदू भट्टाचार्य यांचा गट यीस्टच्या गॉल्जीवर, म्हणजे पेशीतली प्रथिनं घडवून पुढे पाठवणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांवर, काम करत होता. आर्फ प्रथिन कमी पडलं की गॉल्जीचे कप्पे फुगतात, कारण त्यांच्या पक्व होण्याची लय बिघडते, असं त्यांनी शिकागोच्या सहकाऱ्यांसोबत २०१४ साली दाखवलं. सस्तन पेशीत आर्फ१ एका झटक्यात बंद पाडलं तर? क्रम साधारण असा.

आदल्या दिवशी संध्याकाळ. हेला या मानवी कर्कपेशी काचेच्या चकतीवर पसरून ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. रात्रीतून त्या काचेला चिकटतात.

एक तास आधी. केंद्रकाशेजारी चपट्या पिशव्या, ताटल्यांच्या चळतीसारख्या. ग्रास्प६५ आणि ग्रास्प५५ ही प्रथिनं या पिशव्यांना एकमेकींशी धरून ठेवायला मदत करतात. जीएम१३०सारखी गॉल्जिन नावाची लांबलचक प्रथिनं आलेल्या पुटिका, म्हणजे माल वाहणाऱ्या इवल्या पिशव्या, पकडतात. पडद्यावर बसलेलं आर्फ१ कोपी-१ या आवरणाला बोलावतं, त्यातून नव्या पुटिका सुटतात. चळत स्थिर दिसते, पण आतला माल आणि पडदा सारखा हलत असतो. १८९८ साली चेतापेशी रंगवून ही रचना जाळीच्या रूपात पाहणाऱ्या कामिल्लो गॉल्जींना ही धावपळ दिसणं शक्यच नव्हतं.

शून्य मिनिट. माध्यमात ब्रेफेल्डिन-ए पडतं. बुरशीचं हे रसायन आर्फ१ला चालू करणाऱ्या जीबीएफ१ला अडकवून ठेवतं.

पहिलं मिनिट. आवरण गळून पडतं. चळत मात्र जागेवरच! इथे नवखा माणूस हमखास फसतो. त्याला वाटतं, औषध लागूच पडलं नाही.

पाचवं मिनिट. चळतीतून बारीक नळ्या फुटतात आणि सूक्ष्मनलिकांवरून लांबत जातात.

दहा ते पंधरा मिनिटं. एखादी नळी अंतर्द्रव्यजालिकेला, म्हणजे गॉल्जीकडे प्रथिनं धाडणाऱ्या पडद्यांच्या जाळ्याला, चिकटते, आणि मग उरलेला पडदा मिनिटभराच्या आत तिकडे ओढला जातो. प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या घडवणारी विकरंही त्याच्यासोबत जातात.

अर्धा तास. चळत नाही. पण जीएम१३० आणि ग्रास्प६५ बहुतांशी त्या लोंढ्यात जात नाहीत. विखुरलेल्या लहान ठिपक्यांत मागे राहतात. योआखिम सीमान आणि ग्रॅहॅम वॉरन यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडलेला मुद्दा हाच: विकरं गेली तरी ही सांगाड्याची प्रथिनं गॉल्जीसारखी रचना उभी करू शकतात. माझ्या मते सगळ्या घटनाक्रमातली खरी बातमी ही आहे. पडदा वाहून जाणं त्यापुढे किरकोळ.

एक-दोन तास. औषध धुऊन टाकलं तर चळत पुन्हा बांधली जाते.

चोवीस तास. धुतलं नाही, तर अनेक जातींच्या कर्कपेशी स्वतःलाच संपवतात. म्हणूनच कर्करोगावर ब्रेफेल्डिन-ए तपासून पाहिलं गेलं. पण ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि रक्तात टिकत नाही, त्यामुळे रुग्णापर्यंत कधी पोचलं नाही.