कोरी जागा : मुलं स्वतःला वैज्ञानिक कधी समजू लागतात?

आजचा विषय विज्ञानाच्या इतिहासातला आहे, पण कोणी कोणता शोध लावला हे आज आपण फारसं बघणार नाही. आपण बघणार आहोत त्याच्या आधीचं एक पाऊल. 'हे काम माझ्यासारख्याचं आहे' असं एखाद्या मुलाला किंवा मुलीला वाटू लागतं, ते कशामुळे? नुसतं 'तूही शास्त्रज्ञ होऊ शकतेस' असं सांगून भागतं का? इतिहास काय सांगतो ते पाहू.

सुरुवात एका साध्या चाचणीपासून करू. डेव्हिड वेड चेंबर्स या अभ्यासकाने १९६६ ते १९७७ या काळात प्राथमिक शाळेतल्या ४,८०७ मुलांकडून एकच गोष्ट करून घेतली : शास्त्रज्ञाचं चित्र काढा. निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रांत काय दिसलं? पांढरा कोट, चष्मा, दाढी, काचेची उपकरणं. या सगळ्या चित्रांपैकी फक्त २८ चित्रांत शास्त्रज्ञ बाई होती, आणि ती अठ्ठावीसही मुलींनी काढलेली होती. आता गंमत अशी, की अगदी लहान मुलांच्या चित्रांत कोट-चष्मा कमी होता. इयत्ता वाढली तशी ही लक्षणं वाढत गेली. म्हणजे हे चित्र मूल घेऊन जन्माला येत नाही. शाळा, पुस्तकं, टीव्ही, आपण सगळे मिळून ते त्याच्या हातात देतो. आणि दिलेली गोष्ट बदलताही येते. अमेरिकेतल्या अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये आला. त्यात १९८५ नंतरच्या चित्रांमध्ये बाई शास्त्रज्ञाचं प्रमाण सरासरी २८ टक्क्यांपर्यंत पोचलेलं दिसलं.

हे झालं परदेशातलं. आपल्याकडे काय घडलं?

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन उत्तम गुणांनी बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. पुढे आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या बहीण. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. बाई आहे म्हणून प्रवेश नाकारला गेला. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रहाची भाषा त्यांनी केली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरायचं नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये. वर्षभराने काम पाहून रामन यांचं समाधान झालं आणि रीतसर प्रवेश मिळाला. पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. घेतली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत नंतर नीरेच्या पोषणमूल्यांवर त्यांनी काम केलं. उतारवयातही त्या पहिल्या अपमानाची सल त्यांनी लपवली नाही.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिच्यात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष द्यायला हवं. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. रसायनशास्त्र हा त्या घरातला बोलण्याचा विषय होता. म्हणजे 'मी वैज्ञानिक आहे का' हा प्रश्न त्यांच्या मनात नव्हता, तो दारावरच्या माणसाच्या मनात होता. कुलूप एकच होतं, बाहेरचं.

आणि बाहेरचं कुलूप एकदा निघालं की संपलं, असंही नाही. अण्णा मणी यांचं उदाहरण घ्या. १९४० नंतर त्यांनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर संशोधन केलं, प्रबंध लिहिला. पण एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. काम झालं, शोधनिबंध छापले गेले, पदवी मात्र नाही. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात येऊन त्यांनी देशाला हवामानाची उपकरणं घडवून दिली. ती पदवी नसल्याने त्यांचं काही अडलं नाही, हे खरं. पण असं किती जणांना जमेल?

आता विचार करा ज्या घरात कोणीच शाळेची पायरी चढलेलं नाही, त्या घरातल्या मुलाचा. त्याला दोन कुलपं आहेत. एक बाहेरचं, आणि दुसरं आतलं : 'हे आपलं काम नव्हे.' हे आतलं कुलूप उघडण्याचा फार मोठा प्रयत्न आपल्या शेजारी, मध्य प्रदेशात झाला.

१९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा सरकारी माध्यमिक शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, विज्ञान शिकवण्याची नवी पद्धत सुरू झाली. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी पुढाकार घेतला. दिल्ली विद्यापीठातले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक त्यात उतरले. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला. १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि तिने पुढची जबाबदारी घेतली.

या कार्यक्रमाच्या पुस्तकाचं नाव बघा : 'बाल वैज्ञानिक'. भावी वैज्ञानिक नव्हे, होतकरू वैज्ञानिकही नव्हे. सहावीतलं पोर आत्ताच वैज्ञानिक! पण नाव हा भाग छोटा आहे. खरी गोष्ट पुस्तकाच्या आत होती. त्यात प्रयोग होते, प्रश्न होते, पण तयार उत्तरं नव्हती. मुलांनी गट करून प्रयोग करायचा, आपसांत वाद घालायचा, आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहायचा. उत्तराची जागा कोरी होती.

एक उदाहरण. पानांच्या शिरा आणि झाडाची मुळं यांचा काही संबंध असतो का? मुलं बाहेर जातात, रोपटी उपटून आणतात, आणि वहीत तक्ता करतात. हळूहळू दिसू लागतं, की शिरा जाळीदार असल्या तर बहुतेक सोटमूळ निघतं, शिरा समांतर असल्या तर तंतुमुळं. आता हे ओळखायला जास्त सोयीचं कोणाला? ज्याने बापाबरोबर शेतात खुरपणी केली आहे त्याला. एरवी शिक्षणाच्या आड येणारी गोष्ट म्हणून जिच्याकडे पाहिलं जातं, ती इथे उपयोगी पडते.

सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्रही होतं. मुलांनी मनात येईल तो प्रश्न पत्राने त्याला विचारायचा, आणि उत्तर पोस्टाने यायचं. गावातल्या मुलाच्या नावाने पत्र येतं, त्यात त्याच्या प्रश्नाचा विचार केलेला असतो. परीक्षेलाही पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, आणि प्रयोग करून दाखवावे लागत.

याच होशंगाबादशी पुण्याचा एक धागा जुळतो. टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले. आठवडी बाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्वची नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या यांतून त्यांनी भूमितीचे आकार जोडून दाखवले. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान नाही, ही सबब तिथे संपली. त्यांची खेळणी पुढे पुण्याच्या आयुकातून जगभर गेली.

आता महाराष्ट्रात येऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने तिथे मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काही वर्षं काम झालं. अडचण बुद्धीची नाही, पुस्तकातल्या भाषेची आहे, हे तिथे ठळकपणे पुढे आलं. मग पुस्तकातला मजकूर सोप्या मराठीत नव्याने लिहिला गेला, मुलांना बोलतं करण्यावर भर दिला गेला, आणि त्यांची समज आणि गुण दोन्ही वाढले.

हे आपल्याला लगेच पटेल. दोरीवरचे कपडे का वाळतात, हे वस्तीतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असतं. ऊन हवं, वारा हवा, पिळून पसरून टाकायला हवं. पुस्तक त्यालाच 'बाष्पीभवनाचा दर पृष्ठफळावर अवलंबून असतो' असं म्हणतं, आणि आपल्याला काही येत नाही असं तिला वाटू लागतं. विषय तिच्या ओळखीचा होता. आपण तो परका करून टाकला. परिभाषा नको असं आमचं म्हणणं नाही. ती आधी नको, समजल्यावर हवी.

शेवट मात्र गोड नाही. २००२ मध्ये राज्य सरकारने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. मुलं पुढे बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात, असा आक्षेप घेतला गेला होता. तीस वर्षांचं काम एका निर्णयाने थांबलं. ही अडचण आजही आपल्यासमोर आहे. वर्गात प्रश्न विचारायला शिकवायचं आणि वर्षाच्या शेवटी फक्त पाठांतर मोजायचं, असं केलं तर मूल काय शिकतं? प्रश्न विचारणं हा वेळेचा अपव्यय आहे, हे! आणि पालकांनाही दोष देता येत नाही. ज्या घराला दहावीचा निकाल हीच वर जाण्याची एकमेव शिडी आहे, ते घर प्रयोगासाठी ती शिडी पणाला लावणार नाही. म्हणून परीक्षा बदलल्याशिवाय या मुलांसाठी काही टिकत नाही.

एक अलीकडचा अभ्यास सांगून थांबतो. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी काहींना 'आज आपण शास्त्रज्ञ होऊया' असं सांगितलं, काहींना 'आज आपण विज्ञान करूया'. नंतर दिलेल्या कामात मुली कधी जास्त वेळ टिकून राहिल्या? दुसऱ्या वाक्यानंतर. 'शास्त्रज्ञ' म्हटलं की ते कोट-चष्म्याचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहत असावं. 'करूया' म्हटलं की फक्त काम उरतं.

म्हणून भिंतीवर थोरांच्या तसबिरी लावायला आमची हरकत नाही. कमलाबाईंची, अण्णा मणींची जरूर लावा. पण त्याच्याबरोबर वहीत एक कोरी जागा ठेवा, जिथे मुलीने स्वतः पाहिलेलं स्वतःच्या शब्दांत लिहायचं आहे. तिने लिहिलेलं पुस्तकाशी जुळलं नाही, तर लगेच लाल शाई नको. 'पुन्हा करून बघूया का?' एवढं विचारा. आपल्या म्हणण्यावर कोणी पुन्हा प्रयोग करून बघतंय, हे वैज्ञानिकाच्या वाट्याला येतं. तिच्याही वाट्याला ते एकदा येऊ द्या.

आता आपले प्रश्न घेऊया.