क्रँकचा धंदा: टंचाईचा की घडणीचा?

टंचाईने भारतीय माणसाला दुरुस्ती शिकवली, ही उपपत्ती आपल्याकडे आता जवळजवळ सर्वमान्य आहे. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, सुटे भाग मिळतील याची खात्री नसे, म्हणून गावोगावी जुगाडू कारागीर तयार झाले, असे सांगितले जाते. दुचाकीचा क्रँक उघडून त्यात नवा कनेक्टिंग रॉड बसवणारे आणि तो पुन्हा डायलवर सरळ करून देणारे लेथवाले हे त्याचे हुकमी उदाहरण. ही उपपत्ती खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. टंचाईने या कारागिरांना गिऱ्हाईक पुरवले. त्यांचे काम मात्र इंजिनाच्या घडणीतून आले, आणि ती घडण परदेशातून आयती आलेली होती.

दुचाकीचा क्रँक बहुधा अखंड नसतो. दोन जाड चकत्या, त्यांना जोडणारी क्रँक पिन आणि दोन बाजूंचे दांडे असे तुकडे दाबून किंवा नट आवळून एकत्र केलेले असतात. द दिओं-बुताँ या फ्रेंच कंपनीच्या १८९५ च्या इंजिनातही दोन फ्लायव्हील पेटीच्या आत, पिनेने जोडलेली होती. टू-स्ट्रोक इंजिनात तर ही घडण जवळजवळ अटळ ठरते. तिथे पंपाने दाबाखाली ऑइल येत नाही; पेट्रोलमधून जो तेलकट धुरळा येईल तेवढ्यावर रॉडच्या मोठ्या टोकाने भागवायचे. साधे बुश त्यावर तग धरत नाही, रोलर बेअरिंग लागते. रोलर ज्यावर धावतात तो रॉडचा डोळा अखंड हवा, आणि अखंड डोळा पिनेवर चढवायचा तर क्रँकच उघडता आला पाहिजे. आपल्या रस्त्यांवरची टंचाईच्या काळातली दुचाकी याच कुळातली. बजाजची स्कूटर इटलीच्या पिआज्जोकडून आली, राजदूत १७५ पोलंडच्या एसएचएलवरून, म्हैसूरची जावा चेकोस्लोव्हाकियातून, आरएक्स १०० जपानच्या यामाहाकडून. १९५५ पासून मद्रासेत जुळणी होऊ लागलेली बुलेट फोर-स्ट्रोक होती, तिला ऑइलचा पंप होता आणि मोठ्या टोकात रोलरऐवजी फ्लोटिंग बुश होते. तरी रॉडचा डोळा अखंडच, म्हणून तिचाही क्रँक उघडावा लागे.

उघडलेला क्रँक पुन्हा प्रेसखाली जोडला की तो सरळ बसत नाही, बसूही शकत नाही. त्याला लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून प्रत्येक दांड्यावर डायल लावली की काटा हलतो. चूक दोन प्रकारची असते. एक म्हणजे दोन चकत्या पिनेभोवती एकमेकींपासून किंचित फिरलेल्या असतात. मग पिनेशी काटकोनात पाहिले तर एका दांड्यावर काटा चढतो, दुसऱ्यावर उतरतो. अशा वेळी एका चकतीच्या कडेवर तांब्याच्या किंवा पितळी हातोड्याचा नेमका ठोका द्यायचा. दुसऱ्या प्रकारात चकत्या समांतर राहिलेल्या नसतात, पिनेच्या बाजूला दबलेल्या किंवा फाकलेल्या असतात. तेव्हा दोन्ही दांड्यांवर काटा पिनेच्या रेषेत आणि एकाच दिशेने सरकतो. इलाज म्हणजे मध्ये पाचर मारणे किंवा शिकंज्यात चकत्या आवळणे. दोन्ही चुका सहसा एकत्रच येतात, आणि पहिली काढताना दुसरी वाढू शकते. इथे हाताचा अंदाज कामाला येतो. साध्य करायचे असते ते साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे कारागिराच्या भाषेत एक-दोन थाऊ, केसाच्या जाडीहूनही कमी. एवढी बारकाई हवीच, कारण वाकडा दांडा बेअरिंग तापवतो, टोकावरच्या मॅग्नेटोला झोकांड्या देतो आणि प्लॅटिनम पॉइंटची फट दर फेरीला बदलत ठेवतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल सीलही जाते. तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. याला जुगाड म्हणणे मला पटत नाही. हे काम कारखान्यातल्याच पद्धतीने आणि त्याच मापाने होते; फक्त ते शटरच्या आत होते.

टंचाईच्या उपपत्तीची खरी परीक्षा त्याच काळातल्या मोटारगाड्यांवर होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर यांनाही प्रतीक्षायादी होती, त्यांचेही भाग जपून वापरले जात. तरी त्यांच्याभोवती क्रँक सरळ करणाऱ्यांचा धंदा उभा राहिला नाही. त्यांचे क्रँक अखंड, रॉडची टोके दुभंगणारी, बेअरिंगच्या वाट्या ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या. जर्नल झिजले की ते ग्राइंडिंग मशिनवर १०, २० किंवा ३० थाऊंनी बारीक करायचे आणि तेवढ्या जाड वाट्या बसवायच्या. त्याला मोठे, महागडे मशिन लागते, म्हणून ते काम शहरातल्या थोड्या दुकानांत एकवटले. दुचाकीच्या क्रँकला एक प्रेस, एक लेथ आणि एक डायल पुरते. म्हणूनच पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारातून रॉड किट घेऊन तो तालुक्याच्या गावीही बसवता येई. टंचाई दोन्हीकडे सारखी होती, पण धंदे दोन निराळे झाले.

बॅलन्सिंगची गोष्ट हेच दुसऱ्या अंगाने दाखवते. एकसिलिंडरी इंजिनात पिस्टनची वरखाली ओढ फिरत्या वजनाने पूर्ण मारता येत नाही. पिनेसमोर तेवढे वजन ठेवले तर सिलिंडरच्या दिशेचा हादरा जातो, पण तेवढाच आडवा हादरा जन्मतो. म्हणून पिस्टनच्या बाजूच्या वरखाली होणाऱ्या वजनाचा काही हिस्सा, बहुधा ५० ते ७० टक्के, तोलायचा आणि उरलेले सोसायचे. आगगाडीच्या इंजिनांत हाच पेच होता. तिथे जादा वजन रुळांवर आणि पुलांवर घण घाली. हा पेच किती जुना ते यावरून कळते, की डब्ल्यू. ई. डाल्बी यांचे इंजिन तोलण्यावरचे पुस्तक १९०२ सालचे आहे. किती टक्के घ्यायचे हे चौकट कशी आहे, सिलिंडर उभा की कलता, गाडी कोणत्या वेगाला चालणार यावर ठरते, म्हणजे नकाशाच्या टेबलावर. गल्लीतला कारागीर त्यात पडला नाही. त्याच्याकडे साधने नव्हती, असा आक्षेप येईल. पण दोन समतल धारांवर क्रँक ठेवून रॉडच्या छोट्या टोकाला वजन टांगायला फारशी साधने लागत नाहीत, आणि शर्यतीच्या गाड्या तयार करणारे ते करतही. रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरजच नव्हती: नवा रॉड जुन्याच वजनाचा असेल तर कारखान्याने चकतीत साधलेला तोल कायम राहतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळा आहे. १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० आणि तिच्या मागून आलेल्या बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांचे क्रँकही दाबून जोडलेलेच आहेत. घडण तीच, मग दुकाने का रोडावली? समृद्धी आली म्हणून, असे म्हणणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे: नवा क्रँक अख्खा मिळतो, उत्पादकही तो जोडणीसकट बदलायला सांगतात. पण फोर-स्ट्रोकमध्ये रोलरला पंपाचे ऑइल मिळते, बेअरिंग फार उशिरा झिजते, आणि हाही घडणीचाच भाग आहे. १९९६ च्या आणि मग २००० च्या धुराच्या कडक नियमांनी टू-स्ट्रोक मागे हटली तेव्हा या धंद्याचे पाणी आटले. टंचाईचा खरा ठसा मला दिसतो तो एकाच ठिकाणी: एकच क्रँक किती वेळा उघडला गेला, यात. दर वेळी पिनेचे भोक थोडे सैल होते आणि शेवटी दाब धरत नाही. मग जाडसर पिन घालणे, कडेला वेल्डिंगचा ठिपका देणे हे उपाय येतात. म्हैसूरच्या जावाचीच पुढची आवृत्ती असलेल्या येझदीच्या किंवा राजदूतच्या चकत्या आता कारखान्यातून निघत नाहीत. त्या हौसेने जपणाऱ्यांचे क्रँक आज जे कारागीर सरळ करतात, त्यांना डायलच्या काट्याइतकाच या सैल भोकांशीही झगडावे लागते.