सरासरीत विरलेली रात्र

प्रदूषणाचे संशोधन लोकांपुढे एका आकड्यात, एका रंगात मांडावे; बारकावे तज्ज्ञांपुरते ठेवावेत, नाहीतर सामान्य माणूस गोंधळतो आणि घाबरतो, असे मत आज रूढ आहे. ते निराधार नाही. २०१५ साली सुरू झालेला हवा गुणवत्ता निर्देशांक घरोघरी पोहोचला तो या सोपेपणामुळेच. तरीही नवी मुंबईतील तळोजा औद्योगिक वसाहतीशेजारी, खारघर-कळंबोलीत राहणाऱ्याला तो आकडा काय सांगतो, हे तपासले पाहिजे.

सूक्ष्म धूलिकणांबाबत तो २४ तासांची सरासरी सांगतो. समजा, रात्रीचे ४ तास हे प्रमाण घनमीटरला १८० मायक्रोग्रॅम होते आणि उरलेले २० तास ३०. सरासरी निघते ५५ आणि शेरा मिळतो 'समाधानकारक'. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची दैनिक मर्यादा मात्र १५ आहे. शिवाय २००९च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषके आहेत, निर्देशांकात त्यांतली ८च. बेंझीन गळलेले. सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तर दोन्ही याद्यांत नाही. वासाने रात्री खिडक्या लावून घेणाऱ्याला सकाळी 'हवा ठीक' असे कळले, तर त्याचा गोंधळ गाळलेल्या बारकाव्यांनीच केलेला असतो.

आता भीतीचा मुद्दा. ऑगस्ट २०१७मध्ये तळोज्यातील एका कारखान्याच्या रंगाने निळ्या पडलेल्या भटक्या कुत्र्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा घबराट माजली नाही. चौकशी झाली, कारखान्यावर कारवाई झाली. कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला तोही इथल्याच एका नागरिकाने.

जानेवारी २०२१मध्ये 'वातावरण' संस्थेने खारघरमध्ये एका फलकावर लावलेली पांढरी कृत्रिम फुफ्फुसे थोड्याच दिवसांत काळवंडली. त्या काळेपणातून मात्रा कळत नाही, वायू ओळखता येत नाहीत, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर उपाय फलक उतरवणे हा नव्हे. त्याच्या शेजारी तासागणिक नोंदी लावणे हा आहे.

म्हणून शास्त्रज्ञ आणि नागरिक दोघांना एकच मांडणी मिळावी: कोणत्या तासाला किती, वारा कुठून, यंत्र कुठे आणि काय मोजलेच नाही. यात संशोधकाचाही लाभ आहे. वास कोणत्या वेळी, कोणत्या सेक्टरात येतो, याच्या रहिवाशांनी ठेवलेल्या नोंदी यंत्र कुठे आणि केव्हा लावावे हे सांगतात. निर्देशांक राहू द्या; पण ज्या रात्रीची हवा लोकांनी श्वासात घेतली, त्या रात्रीचा हिशेब त्यांना तासागणिक मिळालाच पाहिजे.